ट्रक वळताना का अडखळतो?

हिवाळा आला की इथे अमेरिकेच्या उत्तर भागात आपल्यापैकी बरेच जण ट्रकचा फोर-व्हील-ड्राइव्ह लावतात. रस्ता कोरडा झाला तरी तो तसाच राहतो. मग पार्किंग लॉटमध्ये वळताना स्टिअरिंग जड होते, टायर उड्या मारत घासतात आणि गाडी बिघडली असे वाटून आपण मेकॅनिककडे धावतो.

शाळेतली कवायत आठवा. रांग वळताना बाहेरच्या मुलाला लांब पावले टाकावी लागत. चाकांचेही तसेच. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन अ‍ॅक्सलमध्ये १० फूट अंतर असेल आणि मागचा अ‍ॅक्सल १६ फूट त्रिज्येने वळत असेल, तर काटकोनात वळताना पुढची जोडी सुमारे साडेचार फूट जास्त धावते.

पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. त्यांना एकाच वेगाने फिरावे लागते. बर्फावर टायर थोडे घसरतात आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत, म्हणून शाफ्टना पीळ बसतो. पीळ वाढला की लीव्हर अडकतो, प्रसंगी महागाचे भाग तुटतात.

तेव्हा कोरडा रस्ता लागताच टू-व्हीलवर यावे. लीव्हर अडकलाच, तर मागे कोणी नाही हे पाहून काही फूट सरळ रिव्हर्स घ्यावे. पीळ बहुधा सुटतो. फुल-टाइम गाड्यांत मधला डिफरन्शियल हा फरक सांभाळतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे मॅन्युअलमध्ये पाहावे.

आणि एक गोष्ट घरातल्या नव्या ड्रायव्हरांनाही सांगूया: फोर-व्हील-ड्राइव्हने गाडी बर्फातून निघते, पण ब्रेक लवकर लागत नाही.