बटण पडत नाही म्हणून सगळं ठीक नसतं

घरातल्या विजेबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच समजुतीतून निघतात: दिवा लागतोय, पंखा फिरतोय, म्हणजे वायरिंग चांगलं आहे. पण बिघडलेलं वायरिंगही बरेच दिवस चालत राहतं आणि खरा धोका त्याच दिवसांत असतो.

सर्वांत घातक समज एमसीबीबद्दलचा, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणाबद्दलचा. गिझर आणि इस्त्री एकदम लावली की बटण पडतं, मग कोणीतरी सुचवतं, ‘सोळाचा काढ, बत्तीसचा टाक.’ एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. पाइपातून नेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार साधारण वीस-बावीस अँपिअर सोसते. ३२ अँपिअरचा एमसीबी मात्र ३६ अँपिअर वाहत असतानाही तासभर पडत नाही. त्याचं प्रमाणच तसं ठरवलेलं आहे. तेवढ्यात प्लास्टरच्या आत तारेचं आवरण मऊ पडू लागतं आणि बाहेर कोणाला पत्ता नसतो. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळून घालणं हाही तोच प्रकार. बटण पडल्यावर एखादं उपकरण काढून पुन्हा चढवलं आणि टिकलं, तर लोड जास्त झाला होता, एवढंच. सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर दोष वायरिंगमध्येच असण्याची शक्यता मोठी. बटण पुन्हापुन्हा चढवत बसू नका, वायरमनला बोलवा.

‘बोर्ड नुसता गरम होतो, बटण तर पडत नाही ना?’ पडणारच नाही. सॉकेटमधला स्क्रू सैल झाला की प्रवाह वाढत नाही, त्या जोडाचा रोध वाढतो. २००० वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तरी त्या एका ठिपक्यावर सुमारे ४० वॉट उष्णता तयार होते. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्नसुद्धा कथिल-शिसं वितळवतं! एमसीबीच्या लेखी मात्र सगळं आलबेल. म्हणून सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग, हाताला चटका देणारी प्लगची पिन, बोर्डातून येणारी चरचर, जळक्या प्लास्टिकचा किंवा नासक्या मासळीसारखा वास, यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी डीबीतून, म्हणजे एमसीबींच्या पेटीतून, त्या भागाची वीज बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत बंदच ठेवा. सैल सॉकेटमध्ये आगकाडी खोचून काम भागवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

‘फ्रिजला जरासा करंट येतो, चप्पल घालून उघडायचा’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! घरात एमसीबी आहे म्हणून शॉकपासून आपण सुरक्षित, असंही अनेकांना वाटतं. तीस-पन्नास मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तरी जीव जाऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. माणसासाठी असतो तो करंटची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी दाबून पाहा. दाबताक्षणी तो पडला नाही, तर तो नुसता शोभेला आहे. पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणारे लोक आहेत. तेव्हा गळती बहुधा ओल आलेल्या भिंतीतून किंवा गिझरच्या कॉइलमधून होत असते आणि ती शोधणं हे जाणकाराचं काम आहे.

आर्थिंग नसलेल्या जुन्या इमारतींत आणखी एक जीवघेणी युक्ती चालते. सॉकेटमध्येच आर्थिंगचा टर्मिनल न्यूट्रलला जोडतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की फ्रिजच्या दारावर थेट २३० व्होल्ट. हे कोणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका.

टेस्टर पेटला नाही म्हणजे तार मेलेली, हेही खरं नाही; टेस्टरच बिघडलेला असू शकतो. आणि दिव्याचं बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर दिवा बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. बल्ब बदलतानाही त्या भागाचा एमसीबी पाडा.

एका खोलीत दिवे भगभगीत, दुसरीकडे मंद, किंवा शेजाऱ्यांकडेही असाच खेळ चालू असेल, तर स्टॅबिलायझर घेण्याचा विचार सोडा. थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल सैल झाल्याचं हे लक्षण आहे. एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं. मेन स्विच लगेच पाडा आणि वीज कंपनीला कळवा; महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ आहे. मीटरचं सील तुम्हीही तोडायचं नाही, तुमच्या वायरमननेही नाही.

बोलावलेल्या माणसाकडे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. जुनं घर घेतलं असेल किंवा भिंतींना ओल असेल, तर त्याला मेगर, म्हणजे तारेचं आवरण तपासायचं यंत्र, आणायला सांगा. उपकरणं सोडवून ५०० व्होल्टवर चाचणी घेतल्यावर आकडा एक मेगाओहमच्या खाली आला, तर ती तार बदलायची, भले त्यावरचा दिवा आज व्यवस्थित लागत असो.