सेटअपच्या पोटातला सर्व्हर

दूध संकलन केंद्रावर सॉफ्टवेअर बसवायला दुपारी जावं. सकाळ-संध्याकाळ कॅनची रांग असते, तेव्हा संगणकाला कुणी हात लावू देत नाही. मिरजगावच्या या केंद्रावर संगणक दोन. बाहेरच्याला वजनकाटा आणि दूध तपासायचं मशीन जोडलेलं. लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ, आपोआप चढतात, पावती निघते. आतल्यावर बिलं, पशुखाद्याची कपात, उचल.

या दुसऱ्या संगणकामुळेच सगळा खटाटोप. एकच असता तर एसक्यूलाइट या डेटाबेसची एक फाइल पुरली असती, तिला सर्व्हर लागतच नाही. पण दोघांनी एकाच वेळी एकाच खात्यात लिहायचं, तर मध्ये कारभारी हवा. म्हणून आमच्या सेटअपमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर येतो. त्याचा परवाना मोकळा. सोबत वाटायला पैसे पडत नाहीत.

केंद्रचालकांना दिसतं फक्त 'नेक्स्ट, नेक्स्ट'. आत पोस्टग्रेसचा इनिटडीबी हा प्रोग्राम रिकाम्या फोल्डरात डेटाची मांडामांड करतो आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी विंडोज सर्व्हिस नोंदवली जाते. ५४३२ हा पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट मी टाळतो. दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरने तो आधीच धरलेला असू शकतो. सर्व्हिस कमी अधिकाराच्या खात्यावर चालते, त्यामुळे डेटाच्या फोल्डरवर त्या खात्याला परवानगी द्यावीच लागते. ती राहिली की सर्व्हिस उठत नाही, आणि पडद्यावर दिसणाऱ्या चुकीवरून कुणालाच काही कळत नाही. डेटा प्रोग्राम फाइल्समध्ये कधीच ठेवू नये. आणि सॉफ्टवेअर काढून टाकताना जो सेटअप लोकांचा हिशोबही पुसतो, तो लिहिणाऱ्याला मी प्रोग्रामर म्हणणार नाही.

"सर, मध्येच लाईट गेली तर सकाळचं दूध जाईल का हो?" केंद्रचालकांनी विचारलं.

समजावत बसण्यापेक्षा मी एक खोटी नोंद केली, पावती निघताच प्लग खेचला. संगणक पुन्हा सुरू झाला, नोंद जागेवर. पोस्टग्रेस बदल आधी लॉगमध्ये लिहून डिस्कवर उतरवतो, मगच 'झालं' म्हणतो. उठल्यावर तो लॉग वाचून राहिलेलं पुरं करतो. वेग वाढवायला काहीजण एफसिंक, म्हणजे डिस्कवर उतरवण्याची ही सक्तीच, बंद करतात. इथली वीज पाहता तो आगाऊपणा आहे.

खरी डोकेदुखी नंतर येते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि पुढची मोठी आवृत्ती जुनं डेटा फोल्डर उघडत नाही. तो नव्या आवृत्तीत नेणाऱ्या पीजीअपग्रेड या प्रोग्रामला जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली लागतात, म्हणून सेटअप फुगतो. ते काम मी बिलं वाटून झाल्यावरच काढतो, तेही पेनड्राइव्हवर बॅकअप घेऊन.