क्षयाचा शोध घेणारी इवलीशी चिप

फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन स्वदेशी परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने निवर्तल्या, तेव्हा त्यांना वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या मृत्यूपूर्वी पाचच वर्षे, म्हणजे २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. शत्रू ओळखला गेला होता, पण त्याला मारणारे शस्त्र हाती यावयास आणखी साठ वर्षे जावी लागली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ साली आयसोनिआझिड उपयोगात आले आणि साठीच्या दशकात रिफाम्पिसिन तयार झाले. पाचगणीची हवा नि वानलेसवाडीचे आरोग्यधाम यांवर भिस्त ठेवण्याचे दिवस त्यानंतर सरले. घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या संशोधकांनी १९५९ साली सप्रमाण दाखवून दिले.

मग, वाचकहो, इतके सारे झाल्यावरही हा रोग आपल्या घरातून का गेला नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली भारतात सुमारे २८ लाख लोकांना नव्याने क्षय झाला, म्हणजे जगातील एकूण रोग्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रोगी आपल्याच देशातले. दारिद्र्य, कोंदट घरे, अपुरे अन्न ही कारणे तर आहेतच. तथापि आणखी एका कारणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे निदानास होणारा विलंब.

बेडका काचेच्या पट्टीवर पसरावा, तो रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, ही रीत कॉख यांच्या काळापासून चालत आली आहे. ती स्वस्त आहे आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत, यात संशय नाही. परंतु एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकातून बहुधा दिसत नाहीत. त्याहून थोडे असले तर कागदावर ‘जंतू नाहीत’ असा शेरा येतो आणि रोगी समाधानाने घरी जाऊन नातवंडांना मांडीवर घेतो. प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करून पाहणे ही दुसरी रीत अधिक खात्रीची आहे. पण क्षयाचा जंतू मोठा आळशी. एकाचे दोन व्हावयास त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे घन माध्यमावर त्याची वाढ डोळ्यांना दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि कोणते औषध त्याला लागू पडते हे ठरविण्यास त्याहूनही अधिक.

खरा धोका आहे तो या शेवटच्या प्रश्नात. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू ज्याच्या छातीत आहे, त्याला नेहमीच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या, तर जंतू मरत नाही, रोग बळावतो, आणि तोच हट्टी जंतू घरातल्या इतरांकडे जातो. २०११ सालाच्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तिने देशभर खळबळ उडाली. वादही पुष्कळ झाला. पण हे पाणी कोठवर चढले आहे याची जाणीव तेव्हा सर्वांनाच झाली.

या अडचणीतून वाट काढली ती रसायनशास्त्राने. १९८३ साली कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला एक युक्ती सुचली. तिच्यासाठी त्याला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू दिसत नसेल तर त्याच्या डीएनएच्या एका ठराविक तुकड्याच्या प्रती काढावयाच्या. द्रावण ९५ अंशांपर्यंत तापविले की डीएनएचे दोन धागे अलग होतात. ते थोडे निवविले की ठराविक जागी ओळखीचे तुकडे येऊन चिकटतात, आणि एक विकर त्यांपासून पुढे नवा धागा विणते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली असेल, तोच हा हिशेब. अशा तीस फेऱ्यांत एका तुकड्याच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. एवढ्या उष्णतेत तग धरणारे विकर मिळाले ते अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूकडून! प्रत्येक नव्या प्रतीबरोबर एक रसायन प्रकाशू लागते, आणि तो प्रकाश मोजला की जंतू आहे की नाही ते कळते.

युक्ती उत्तम, पण ती पार पाडण्यास मोठी यंत्रे, वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि शिकलेले हात लागत. आता बंगळूरचेच उदाहरण घ्या. शहराच्या पूर्वेस इंदिरानगर ही सुखवस्तू वस्ती आहे. तेथे २०११ सालीच मेट्रोचे स्थानक झाले, आणि तेथील सरकारी रुग्णालयाला सर सी. व्ही. रामन यांचे नाव आहे. ज्यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावरून पदार्थाची रचना ओळखण्याची वाट दाखविली, त्यांचे नाव रुग्णालयास शोभून दिसते! अशा वस्तीत तपासणीची सोय हाकेच्या अंतरावर असते. पण गडचिरोलीच्या किंवा रायचूरच्या आडगावातल्या शेतमजुराने काय करावे? बेडक्याची डबी जिल्ह्याच्या गावी जाणार, तेथे रांगेत पडणार, आणि उत्तर येईपर्यंत तो मनुष्य कामाच्या शोधात परगावी गेलेला असणार.

हे कोडे त्याच शहराच्या पश्चिमेस, राजाजीनगरातील ‘बिगटेक’ या संस्थेतील डॉ. चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. गोव्यात श्रीराम नटराजन यांच्या पुढाकाराने त्याला उत्पादनाची जोड मिळाली. आज वेर्णे येथील मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी ‘ट्रूनॅट’ नावाने ही यंत्रे तयार करते.

यातील मर्म आहे ते लहानपणात. मोठे पातेले तापावयास आणि निवावयास वेळ लागतो, चमचाभर पाणी क्षणात तापते नि निवते. हे कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. ट्रूनॅटच्या छोट्याशा चिपवर अवघे ६ मायक्रोलिटर द्रव ठेवतात. एका मिलिलिटरात असे दीडशेहून अधिक भाग होतील. एवढ्याशा द्रवाच्या तापण्या-निवण्याच्या फेऱ्या झपाट्याने होतात, आणि त्यास वीजही इतकी थोडी लागते की यंत्र बॅटरीवर चालते. आधी एका पेटीत बेडक्यातून डीएनए वेगळा करतात, त्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. दुसऱ्या पेटीत चिप ठेवली की तासाभरात सारा निकाल हाती येतो. जंतू सापडल्यास त्याच द्रवावर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही आणखी तासाभरात कळते. रसायने सुकवून भरलेली असल्याने त्यांना बर्फाची पेटी लागत नाही. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तिच्या कोविडसाठीच्या रूपासही मान्यता दिली. क्षयासाठी दूरदूर पोहोचलेली यंत्रे मग त्या साथीत उपयोगी पडली, हे वाचकांना आठवत असेल.

यंत्राच्या कौतुकात त्याच्या उणिवा झाकू नयेत. द्रव मोजून चिपवर सोडण्याचे काम माणसालाच करावे लागते, तेथे हयगय चालत नाही. चिपांचा पुरवठा थांबला तर यंत्र नुसते शोभेचे. आणि निदान लवकर झाले म्हणून उपचार आपोआप होत नाहीत. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे आणि त्यातले कित्येक महिने सुया घ्याव्या लागत, आणि त्या सुयांनी कित्येकांचे कान गेले. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार निघाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्याची शिफारस केली आणि २०२४ साली भारत सरकारने तो मान्य केला.

घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला, संध्याकाळी कणकण येऊ लागली, वजन उतरू लागले, रात्री घाम फुटू लागला किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासणी करवून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही तेथे विनामूल्य मिळतात. उपचार चालू असेतो पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रोग्याच्या खात्यावर जमा करण्याची योजनाही आहे. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० रुपये होती. बेडका द्यावयाचा तो शक्यतो सकाळचा, चूळ भरून, मोकळ्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला असावा. तोंडातली थुंकी डबीत टाकली तर उत्तम यंत्रही काही करू शकत नाही. औषध सुरू झाल्यावर लघवी नारिंगी-तांबडी दिसू लागली तर घाबरू नये. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, आणि गोळी पोटात गेल्याची ती खूणच समजावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना चकवते. उपचार संपत आल्यावर ‘त्या नव्या यंत्रावर पुन्हा पाहा’ असा आग्रह रोगी धरतात. पण मेलेल्या जंतूंचाही डीएनए काही काळ छातीत उरतो, आणि चिपला मेलेला कोणता, जिवंत कोणता, हे कळत नाही. म्हणून रोगी बरा होत आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर आजही कॉख यांच्या वेळचा तो जुना सूक्ष्मदर्शक किंवा जंतूंची वाढ यांचाच आधार घेतात.