अभयदान: उद्योगनगरीतील तरुण मनांसाठी

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. पहिली तीन आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेली आहेत. भोजनशाळा, दवाखाने, विद्यालये, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांची साक्ष गावोगावी मिळते. अभयदान म्हटले की मात्र आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने जीवदया आणि पांजरपोळ येतात. ते योग्यच आहे. परंतु भयाने ग्रासलेल्या माणसाला निर्भय करणे हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात राबणाऱ्या हजारो तरुणांचा विचार करताना हा अर्थ पुन्हा समजून घ्यावासा वाटतो.

वैभवाच्या सावलीत

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या माळरानाचे रूप पालटले. बजाज, टेल्को आणि नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोसारख्या कारखान्यांभोवती भोसरीत शेकडो लघुउद्योग वाढले. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे चाकण परिसरात देशी-विदेशी मोटार कंपन्या आल्या. या प्रगतीत आपल्या समाजातील उद्योजक, पुरवठादार आणि व्यापारी यांचाही वाटा आहे.

या वैभवाची दुसरी बाजू महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, मेदनकरवाडी येथील भाड्याच्या खोल्यांत दिसते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, तसेच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले एकेका खोलीत पाच-सहा जण मिळून राहतात. पाळी बदलली की झोप बदलते, जेवणाची वेळ बदलते. नोकरी बहुधा ठेकेदाराकडची असते. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा बोलावणे येईल की नाही, याची शाश्वती नसते. गावी कर्जाचा हप्ता किंवा बहिणीचे लग्न वाट पाहत असते. घरून फोन आला की मुलगा ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. उद्याविषयीचे हे मुके भय वेतनचिठ्ठीत कोठेच नोंदले जात नाही.

संशोधन काय सांगते

दारिद्र्य आणि मनाचे आजार यांचा संबंध आता केवळ अनुमानाचा विषय उरलेला नाही. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेचे एक संस्थापक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या अर्थतज्ज्ञ सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. एकाच समाजात सर्वांत कमी उत्पन्न असलेल्यांना नैराश्य किंवा चिंताविकार होण्याचे प्रमाण सर्वाधिक उत्पन्नाच्या लोकांपेक्षा दीडपट ते तिप्पट आढळते. हा संबंध दोन्ही बाजूंनी काम करतो. उत्पन्न अनिश्चित झाले की मन खचते. मन खचले की लक्ष लागत नाही, खाडे वाढतात, निर्णय चुकतात आणि उत्पन्न आणखी घटते.

आपल्या देशात हे दुखणे बहुधा झाकलेलेच राहते. ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे दिसून आले.

दोन्ही हातांचा आधार

म्हणूनच केवळ उपदेश पुरत नाही आणि केवळ पैसाही पुरत नाही. दक्षिण युगांडात फ्रेड सेवामाला या संशोधकाने एड्समुळे अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘सुबी’ हा प्रकल्प राबवला. स्थानिक भाषेत सुबी म्हणजे आशा. मुलाच्या नावे बचत खाते उघडले जाई. त्यात एक शिलिंग जमा झाला की प्रकल्प दोन शिलिंगांची भर घाली. ही रक्कम शिक्षणासाठी किंवा छोट्या व्यवसायासाठी होती. सोबत बचतीचे प्रशिक्षण आणि मार्गदर्शन होते. मुलांच्या मनःस्वास्थ्यात झालेली सुधारणा अभ्यासांत नोंदली गेली. स्वतःच्या नावावरची लहानशी पुंजी ‘मलाही भविष्य आहे’ हा विश्वास देते.

महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य विधी व धोरण केंद्राने २०१३ पासून नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ उपक्रम राबवला. गावातीलच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. खचलेल्या व्यक्तीजवळ ते चार-सहा वेळा बसत, तिचे ऐकून घेत, आणि त्याच बरोबरीने तिला सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत करीत. समुपदेशन आणि आर्थिक आधार एकाच दारातून घरात गेले.

आपल्या समाजाचे उदाहरण तर याहून जुने आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीच्या शैक्षणिक पुनर्वसन केंद्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांनाही आश्रय मिळाला. त्या मुलांना छप्पर आणि पुस्तक तर मिळालेच, शिवाय उद्याही कोणी तरी आपल्यासाठी उभे असेल, ही खात्री मिळाली. ते खरे अभयदान होय.

आपल्या हाती काय आहे?

ज्यांचा कारखाना किंवा दुकान आहे, त्यांनी आरंभ आपल्या दारापासून करावा. नियुक्तीपत्र लेखी असावे, वेतन ठरल्या तारखेस व्हावे, काम थांबणार असेल तर ते आधी सांगावे. ठेकेदार भविष्यनिर्वाह निधी खरोखर भरतो का, हे पाहावे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत येतो आणि चिंचवडच्या मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. अनेक मुलांना आपले विमा कार्ड असते, हेच ठाऊक नसते. सुपरवायझरला चार शब्द शिकवावेत: अचानक अबोल झालेल्या, वारंवार खाडे करणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी बाजूला घेऊन विचारावे.

संघ आणि मंडळांनीही रविवारचे दोन तास या मुलांसाठी द्यावेत. बँक खाते, बचत, सरकारी योजनांचे अर्ज यांत मदत करावी. मने मोकळी होतील, अशी बैठक असावी. आपल्याच साधर्मिक कुटुंबांतही नोकरी गमावलेले, व्यवसायात बुडालेले तरुण आहेत. प्रतिष्ठेच्या भीतीने ते अधिकच मुके होतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. सामायिक आणि स्वाध्याय मनाला स्थैर्य देतात, परंतु आजार जडला असेल तर वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. ‘कर्माचे फळ’ म्हणून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे अनुकंपेच्या तत्त्वात बसत नाही. शासनाची ‘टेलिमानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कारखान्याच्या फलकावर आणि स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी लावण्यास कोणताही खर्च येत नाही.

येत्या पर्युषणात दानाचा संकल्प करताना आपल्या आसपासच्या एका तरी तरुणाचे भय हलके करण्याचा संकल्प प्रत्येक कुटुंबाने करावा. जीवांनी परस्परांना आधार द्यावा, ही शिकवण आपण नित्य उच्चारतो. चाकणच्या खोलीत रात्रपाळीनंतर जागा असलेला मुलगाही त्या जीवांपैकीच एक आहे.