कायदेमंडळ : सभागृहापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत

गेल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना आटोपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, विधानसभेत आमदार असतात, मग विधान परिषदेत कोण असतात? त्यांना कोण निवडून देतं?" चांगली शिकलेली मंडळी बसली होती. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. मी बी.कॉम. झालेला, दिवसभर कचेरीत आकडे लिहिणारा कारकून. पण मलाही घरी येऊन पुस्तक उघडावे लागले. ज्या बाबासाहेबांनी याच कायदेमंडळात उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडले, त्यांच्या लेकरांना त्या सभागृहाची साधी ओळख नसावी, ही गोष्ट मनाला लागली. म्हणून हा लेख.

सुरुवात कशी झाली?

आजच्या महाराष्ट्र विधानमंडळाचे मूळ मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात आहे. १८६१ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक भरली. सभासद गव्हर्नर नेमत असे. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके हिंदी गृहस्थ तेवढे त्यात होते. १९१९ च्या सुधारणा कायद्याने निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत आले. परंतु मताचा हक्क जमीन, घर आणि कर यांच्यावर ठरत होता. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला मतही नाही. आपल्यातले बहुतेक लोक अर्थातच याच रांगेत होते.

अशा या कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्यावर महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. दोन सभागृहांत दोन ठराव झाले, तरी आपल्या माणसाच्या ओंजळीत पाण्याचा थेंब पडला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोचला. त्यानंतरही नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

बाबासाहेब सभागृहात

महाडच्या सत्याग्रहापूर्वी महिनाभर, फेब्रुवारी १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली होती. ते सरकारनियुक्त सभासद होते, परंतु सरकारची हांजी हांजी त्यांनी कधी केली नाही. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी महार वतनाचे बिल मांडले. दिवसरात्र राबायचे, गावाची आणि सरकारची पडेल ती कामे करायची आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते व जमिनीचा तुकडा घ्यायचा, या गुलामीतून आपल्या आजोबा-पणजोबांना सोडवण्यासाठी ते बिल होते. ते पुढे मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी गिरणीतल्या बायांना बाळंतपणाच्या सवलती देणाऱ्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. माझ्या नोकरी करणाऱ्या भगिनींनी रजेचा अर्ज लिहिताना हे एकदा आठवावे.

१९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे मिळाली. १९३७ च्या विधानसभेत १७५ जागा होत्या. पुणे करारानुसार त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. दादासाहेब गायकवाडही याच विधानसभेत होते. बाबासाहेबांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे बिल १९३७ मध्येच आणले. सत्ता काँग्रेसची असल्याने ते पास होणार नाही, हे दिसत होते. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. आत बिल, बाहेर मोर्चा, अशी ती रीत होती.

जमाखर्च

कारकुनाला ताळेबंद मांडल्याशिवाय चैन पडत नाही. बोले ठराव १९२३ चा, कोर्टाचा निकाल १९३७ चा : १४ वर्षे. खोतीचे बिल १९३७ चे, खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा : १२ वर्षे. वतनाचे बिल १९२८ चे. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा आणि त्याचा अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून : ३१ वर्षे. तो दिवस पाहायला बाबासाहेब राहिले नव्हते. आणि मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाले, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी : साडेपंधरा वर्षे.

या हिशेबातून मी एकच गोष्ट शिकलो. सभागृहापासून आपल्या उंबरठ्यापर्यंतचे अंतर ठराव आपोआप कापत नाही. ते अंतर बाहेरच्या माणसांनी चालून कमी करावे लागते. पण आत ठरावच झाला नसता, तर बाहेरच्यांनी कशाचा हात धरून चालायचे होते? दोन्ही हवे.

आजची रचना

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य संपले. तेव्हाच्या ३९६ आमदारांपैकी १३२ गुजरातकडे गेले आणि महाराष्ट्राकडे २६४ राहिले. १९६७ पासून ही संख्या २७० व १९७८ पासून २८८ झाली. सध्या त्यांत २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

या राखीव जागांचीही एक कहाणी नव्या पिढीने ऐकून ठेवावी. १९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला आणि कागदोपत्री 'बौद्ध' लिहिणारा माणूस अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीबाहेर गेला. त्याला राखीव जागेवर उभे राहता येईना. धम्म लिहावा तर जागा जाते आणि जागा धरावी तर धम्म लपवावा लागतो, अशी कोंडी ३४ वर्षे चालली. १९९० मध्ये संसदेने दुरुस्ती केली, तेव्हा बौद्धांचा समावेश झाला. त्यानंतरची पहिली सार्वत्रिक विधानसभा निवडणूक १९९५ ची. म्हणून आज दाखल्यावर 'बौद्ध' लिहून जो ताठ मानेने अर्ज भरतो, त्याने ही ३४ वर्षे विसरू नयेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. विधान परिषदेत ७८ सभासद असतात. ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषदा आदी स्थानिक संस्थांचे सभासद निवडतात, ७ शिक्षक, ७ पदवीधर आणि १२ राज्यपाल नेमतात. बेरीज करून पाहा. मुदत सहा वर्षांची. या सभागृहात आपल्यासाठी एकही राखीव जागा नाही. तरीही रा. सू. गवई यांच्यासारखा बौद्ध माणूस १९७८ ते १९८२ या काळात त्याच परिषदेच्या सभापतिपदावर बसला होता.

आपण काय करायचे?

पदवीधरांच्या सात जागा मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, मराठवाडा, अमरावती व नागपूर अशा विभागांच्या आहेत. इथे माझीच एक चूक कबूल करतो. एका पदवीधर निवडणुकीला मी मतदार ओळखपत्र खिशात घालून ऐटीत केंद्रावर गेलो. यादीत माझे नाव नव्हते. विधानसभेच्या यादीत नाव असले म्हणजे भागले, असे मी धरून चाललो होतो. पदवीधरांची यादी वेगळी असते आणि दर निवडणुकीपूर्वी ती नव्याने तयार होते. जुने नाव पुढे चालत नाही. १ नोव्हेंबर या तारखेपूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असावी आणि त्या विभागात राहणे असावे. नमुना १८ भरून पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडायची. शिक्षकांसाठी नमुना १९ असतो. एवढेच काम.

आपल्या आईबापांनी दागिने मोडून, मोलमजुरी करून आपल्याला पदवीपर्यंत आणले. ती पदवी भिंतीवरच्या चौकटीत लावून ठेवतो आणि तिने दिलेले जादा मत मात्र वाया घालवतो. पुढची नोंदणी निघेल तेव्हा प्रत्येक विहारात एक टेबल मांडावे, दोन पोरे बसवावीत आणि वस्तीतल्या पदवीधर मुलामुलींची, विशेषतः लग्न होऊन आलेल्या सुनांची, नावे भरून घ्यावीत. सुनांचा पत्ता बदलल्याने त्यांचीच नावे आधी गळतात.

त्या नववीतल्या मुलीला मी पुढच्या रविवारी ७८ ची बेरीज वहीत करून दाखवली. तिने वही मिटली आणि विचारले, "काका, मग यंदा तुमचं नाव आहे ना यादीत?"

नमुना १८ ची कोरी प्रत आता माझ्या पिशवीतच असते. तुमच्याही पिशवीत असू द्या. जयभीम!