झाडीपट्टीतील मासेमारीची साधने (भाग ६) : गळाची काठी

जाळे पाण्याचा एक तुकडा घेरते आणि त्यात जे सापडेल ते वर काढते. गळाचा संबंध मात्र एका वेळी एकाच माशाशी येतो आणि त्या माशाची हालचाल माणसाच्या मनगटापर्यंत पोहोचविण्याचे काम काठीला करावे लागते. मागील भागात फेकजाळ्याच्या विणीला आणि वजनाला जे महत्त्व दिले गेले, तेच येथे काठीची लांबी, तिचे टोक आणि तिचा वाक या तीन गोष्टींना द्यावे लागते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ही निवड पुष्कळदा दुकानात न होता बांबूच्या रांजीपाशी, म्हणजे बांबूच्या बेटापाशी, होत आली आहे, आणि म्हणून काठीचा विचार हा निम्मा बांबूचाच विचार ठरतो.

काठी किती लांब असावी, हे मासा किती मोठा आहे यापेक्षा तो काठापासून किती दूर आहे यावर ठरते. कॅनडात किंवा अमेरिकेतील मिनेसोटात गोठलेल्या सरोवरावर बर्फाला भोक पाडून मासे धरले जातात, तेथे माणूस माशाच्या थेट डोक्यावर बसलेला असल्यामुळे दोन-तीन फुटांची आखूड काठी पुरते. झाडीपट्टीतील माजी मालगुजारी तलावांची रचना याच्या नेमकी उलट आहे. गोंड राजवटीत आणि त्यानंतर भातशेतीसाठी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. त्यांचे काठ उथळ, उतरते आणि कमळ, शिंगाडा, बेशरम अशा वनस्पतींनी भरलेले असतात, त्यामुळे गवताच्या पट्ट्यापलीकडे गळ अलगद सोडायचा तर दहा ते तेरा फुटांची काठी हाताशी हवी. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या डोहाकाठी, जेथे खडकावरून पाणी सरळ खोल होते, तेथे एवढी लांबी उलट अडचणीची होते.

लांबीनंतर प्रश्न येतो तो माशाच्या तोंडाचा. बोटभर लांबीचे रुपेरी मासे आमिष गिळत नाहीत, ते चिमटीने तोडतात. अशा वेळी काठीचे टोक जाड असेल तर तो हलका झटका टोकातच जिरतो आणि गांडूळ कधी संपले हे कळतही नाही. बर्फावरचे मच्छीमार तव्यात मावणाऱ्या लहान माशांसाठी काडीसारखे लवचिक टोक आणि वॉलाय या मोठ्या, जड डोक्याच्या शिकारी माशासाठी कडक कणा निवडतात, त्यामागचे कारणही हेच आहे. झाडीपट्टीत वॉलायच्या जागी मरळ ठेवावी. शेजारच्या तेलंगणाने हिला राज्यमासा मानले आहे, महाराष्ट्राने तो मान पापलेटला दिला. झाडीपट्टीला विचारले असते तर निर्णय बहुधा वेगळा लागला असता. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते, म्हणून ती गवताच्या मोकळ्या फटींत वर येते आणि लहान बेडूक किंवा मासोळी दिसताच झडप घालते. तिचे तोंड हाडाचे असल्यामुळे गळ रुतण्यासाठी जोराचा हिसका लागतो, आणि गळाला लागताच ती देठांच्या गुंत्यात शिरते. मऊ काठी तेथे नुसती वाकत राहते आणि दोरा अडकतो. मरळीची काठी म्हणूनच बुडाकडून दोन-तृतीयांश ताठ आणि शेवटच्या तृतीयांशात वाकणारी असावी. पावसाळ्यात नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करतात, त्या काळात मोठी मरळ उचलली तर मागचा थवा इतर माशांचा घास होतो, एवढे भान काठी धरणाऱ्याने ठेवणे इष्ट.

आता बांबू. या जंगलांत दोन जाती ठळक आहेत: काटेरी, जाड आणि पोकळ कटांग, आणि कोरड्या उतारांवर वाढणारा, जवळजवळ भरीव असा मानवेल. पोकळ बांबू वजनाच्या मानाने ताठ असतो खरा, पण टोकाकडे त्याची भिंत पातळ होऊन तो पेऱ्यापाशी चिरतो. भरीव मानवेल टोकापर्यंत एकसंध राहतो, म्हणून गळासाठी तोच योग्य. भरीव गोल काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे जाडी निम्मी झाली की ताठपणा सोळाव्या हिश्शावर येतो. बुडाशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याशी करंगळीहून बारीक अशी नैसर्गिक निमुळती काठी कणा आणि टोक ही दोन्ही कामे का करते, हे यातून उलगडते. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाटलेले असल्यामुळे काठी गुळगुळीत करण्यासाठी साल तासणे म्हणजे तिची ताकदच तासणे होय. पेऱ्यांवरचे उंचवटे तेवढे घासावेत.

बांबू एका पावसाळ्यातच पूर्ण उंची गाठतो, परंतु त्याला पक्वता येण्यास आणखी दोन-तीन वर्षे लागतात. कोवळ्या बांबूची काठी सुकताना सुरकुतते आणि त्यातील पिष्टामुळे तिला भुंगा लवकर लागतो. तोड पावसाळ्यानंतर, थंडीत करावी, काठी काही दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत उभी सुकवावी. उन्हात टाकलेली काठी फाटते. वाकडे पेर मंद आचेवर शेकून सरळ करता येते. तोड कोणाच्या परवानगीने, हाही प्रश्न उरतो: वनहक्क कायद्यानुसार मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला, आणि अशा गावांत ग्रामसभेला विचारावे लागते. तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तर ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला मनाई आहे.

दोरा बांधण्याची पद्धतही काठीइतकीच महत्त्वाची आहे. तो केवळ शेंड्याला गाठ मारून न सोडता तीन-चार पेरांपर्यंत खाली गुंडाळत आणून मजबूत जागी बांधावा, म्हणजे शेंडा मोडला तरी मासा आणि गळ दोन्ही हातात राहतात. दोऱ्याची मोकळी लांबी काठीच्या लांबीहून किंचित कमी असावी. जास्त झाली की काठी उभी केल्यावरही मासा हाताशी येत नाही.