तापल्या तारेचा हिशेब

गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या कसबा पेठेतल्या घरात पांढरा भुगा उडत असे. दाढीच्या पात्याने थर्माकोल कापायला बसले की बारीक मणी अंगाला, केसांना, ताटातल्या भातालाही चिकटत. आई वैतागे. मखराच्या कमानीची कड मात्र उंदराने कुरतडल्यासारखी दिसे. ही कड गुळगुळीत कशी करावी, या साध्या प्रश्नापासून माझा तापल्या तारेशी संबंध आला. पुढे तो चाळीसेक वर्षे टिकला. त्या तारेने मला वीज शिकवली आणि एकदा घरातले एक माणूस जवळजवळ हिरावून नेले. म्हणून हा हिशेब मांडतो आहे.

आधी थर्माकोलविषयी. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो ते मुळात एक व्यापारी नाव. पदार्थ आहे फुगवलेला पॉलिस्टायरीन. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन मुरवलेले असते. त्यांना वाफ दिली की ते लाह्यांसारखे फुगतात आणि साच्यात एकमेकांना चिकटून बसतात. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत १९५०च्या आसपास ही रीत सिद्ध झाली. अशा ठोकळ्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. म्हणून पाते त्याच्यावर हरते. दाबले की मणी आधी चेपतो, मग ओढला जातो आणि शेवटी शेजाऱ्याचा हात सोडून अख्खाच निखळतो. हा पदार्थ शंभर अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागतो. तापलेली तार जवळ आली की मण्यांच्या भिंती स्पर्शापूर्वीच आक्रसून मागे सरतात. म्हणजे तार कापत नाही, तिला वाट करून दिली जाते. कडेवर वितळलेल्या पॉलिस्टायरीनचा पातळ पापुद्रा उरतो. गुळगुळीतपणा येतो तो त्याचाच.

तार हवी नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. अमेरिकेत अल्बर्ट मार्शने १९०६ साली तिचे पेटंट घेतले आणि त्यानंतर घरोघरची इस्त्री, शेगडी, टोस्टर शक्य झाले. तांब्यापेक्षा साठपटीहून अधिक विरोध ती विजेला करते. तापल्यावर तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच थर तिला जळू देत नाही. एवढी गुणी वस्तू जुन्या बाजारात रद्दीच्या भावाने मिळे. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या त्या बाजारातून मी एक मोडकी विजेची शेगडी आणली. तिची स्प्रिंग एका जागी तुटलेली, चिनीमातीची तबकडी शाबूत.

इथे पहिली चूक झाली. गल्लीतल्या मंडळाच्या सजावटीत एक हौशी कार्यकर्ता तार घरच्या लाइनवरच चालवी. वाटेत एक इस्त्री जोडायची, म्हणजे तारेतून जास्त वीज जात नाही, असे त्याचे शास्त्र. ते निम्मे खरे होते. पाचशे वॉटच्या इस्त्रीतून साधारण २.२ अँपिअर वाहतात आणि तेवढ्याने हातभर तार छान तापते. तारेच्या दोन टोकांमध्ये जेमतेम सहा व्होल्ट असतात. मी व्होल्टमीटर लावून ते पाहिले आणि निर्धास्त झालो. पण तार आणि जमीन यांच्यामध्ये किती व्होल्ट आहेत, हे मोजायचे मला सुचले नाही. तिथे पूर्ण २३० होते. धाकटा भाऊ ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभा होता. ठोकळा सरकवताना त्याचे बोट उघड्या तारेला लागले.

तो फेकला गेला, म्हणून वाचला. बोटावर पांढरा व्रण राहिला. अण्णांनी एक शब्द न बोलता चौकट पायाखाली मोडली. आठ दिवसांनी त्यांनीच जुन्या अॅम्प्लिफायरमधला एक जड ट्रान्सफॉर्मर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आधी हा काय करतो ते शिक. मग तार लाव."

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो एवढे मला ठाऊक होते. तो नाते तोडतो, हे तेव्हा कळले. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये विजेची तार अशी कुठेच जोडलेली नसते. मधे असते फक्त लोखंडाच्या गाभ्यातले चुंबकत्व. पलीकडच्या वेटोळ्याला घरच्या लाइनचा आणि म्हणून जमिनीचा पत्ताच नसतो. डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर वीज कमी करतो, पण हे नाते तोडत नाही. घरी कटर करणाऱ्याने दुसरे काही विसरले तरी चालेल, हे विसरू नये.

मग आकडेमोड. शेगडी हजार वॉटची, म्हणजे तिच्या स्प्रिंगचा विरोध सुमारे ५३ ओहम. दोन्ही तुकड्यांतली तार मोजली तर साडेसात मीटर भरली. म्हणजे मीटरला सात ओहम. चौकटीत ४० सेंटीमीटर तार ताणली तर २.८ ओहम. तिला १२ व्होल्ट दिले की ४.३ अँपिअर वाहणार. ट्रान्सफॉर्मरची ऐपत होती ३ अँपिअरची. मी तरीही लावून पाहिले. पाच मिनिटांत वार्निशचा वास सुटला, तार लालसर झाली आणि थर्माकोलमध्ये चिरेऐवजी गुहा पडली. उपाय शेगडीतच होता. स्प्रिंगचा न उलगडलेला तुकडा तबकडीच्या खाचेत तसाच ठेवला आणि वीज त्याच्यातून फिरवून चौकटीकडे नेली. आणखी २० सेंटीमीटर तारेची वाट वाढली की प्रवाह २.९ अँपिअरवर येतो आणि कापणाऱ्या तारेला सुमारे २३ वॉट मिळतात. वेटोळ्यावरचा चिमटा मागेपुढे करायचा, हाच रेग्युलेटर. तार कधीही लाल दिसू नये. लाल म्हणजे पाचशे अंशांच्या पुढे, आणि तिथे थर्माकोल पेटू शकतो. धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून खिडकी उघडीच हवी.

शेवटचा धडा ताणाचा. दोनशे अंशांनी तापल्यावर ४० सेंटीमीटर तार एक मिलीमीटरहून जरा जास्त लांबते. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण दोन टोके पक्की असतील तर तेवढ्याच लांबीने तार मध्ये सव्वा सेंटीमीटरहून अधिक झोळ खाते आणि सरळ कड पोटफुगी होते. म्हणून एका टोकाला सायकलच्या स्टँडची स्प्रिंग लावली. हात मात्र एकसारखा चालला पाहिजे. वळणावर क्षणभर थांबलात तरी तिथे खळगा पडतो.

त्या चौकटीने आम्ही पुष्कळ मखरे केली. त्यांच्या कडा गुळगुळीत होत्या, याचा अभिमान होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुठेच्या काठाला त्याच गुळगुळीत कमानींचे तुकडे अडकलेले दिसत, तेव्हा मी नजर वळवत असे. थर्माकोल कुजत नाही. फक्त मण्यामण्याने सुटा होत जातो. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि सजावटीचा थर्माकोल बंद झाला. गल्लीत कुरकुर झाली. मी त्यात नव्हतो. चौकट खिळ्याला टांगली आणि पुठ्ठा आणला.

गेल्या वर्षी पुतणी आली. वास्तुकलेचे शिक्षण घेते. टेकडीचा नमुना करायचा होता आणि फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल असाही कचऱ्यातच जाणार होता. तिच्याजवळ जुन्या लॅपटॉपचा चार्जर होता, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. "काका, तुमच्या तारेने हिशेब केला. ९० सेंटीमीटर घेतली तर ३ अँपिअर होतात. बरोबर ना?"

गणित बरोबर होते. पण मी चार्जर हातात घेऊन विचारले, "ही तार आणि भिंतीतली लाइन, यांचं नातं कुठे तुटतं?"

तिने चार्जर उलटा केला. लेबलावरची एकात एक अशा दोन चौकोनांची, दुहेरी इन्सुलेशनची खूण दाखवली आणि आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे तुटते, असे सांगितले. खुर्चीत बसलेला भाऊ आमचे बोलणे ऐकत होता. अंगठ्याने बोटावरचा व्रण चोळत तो म्हणाला, "आता लाव."